गाडी सोडवायला निघालेल्या नागपूरकर घरांना खुले पत्र

प्रति,
दारू पिऊन गाडी चालवताना पकडलेल्यांचे आईवडील, बायका, भाऊबहिणी आणि ज्यांच्या नावावर ती गाडी आहे ते सगळे,
नागपूर शहर आणि जिल्हा

सप्रेम नमस्कार,

नागपूरच्या जिल्हा न्यायालयात मी बरीच वर्षं फौजदारी बाजूला वकिली करते. धुळवडीनंतर, तान्हा पोळ्यानंतर, ३१ डिसेंबरनंतर आणि एरवी बहुतेक सोमवारी सिव्हिल लाइन्सच्या आवारात तुमची माझी गाठ पडते. हातात प्लॅस्टिकची फाइल, तिच्यात आरसी, इन्शुरन्स, पीयूसी आणि आधारच्या झेरॉक्स. डोळे जागरणाने लाल. ज्याच्यामुळे यावं लागलं तो थोडा लांब, भिंतीला टेकून मोबाइलमध्ये बघत उभा. आणि माझ्या टेबलाशी आल्यावर पहिला प्रश्न हाच: "मॅडम, गाडी आज भेटून जाईन ना?"

त्या प्रश्नाचं उत्तर या पत्रात आहे. पण मला तुमच्याशी खरं बोलायचंय ते दुसऱ्याच गोष्टीबद्दल. गाडी आज ना उद्या सुटतेच. सुटल्यावर तिची चावी कोणाच्या हातात द्यायची, हे गाडी सुटायच्या आधी घरात ठरलं पाहिजे. ते न ठरवता गाडी घेऊन गेलेल्या काही घरांना मी पुन्हा त्याच आवारात पाहिलं आहे, आणि प्रत्येक वेळी आधीपेक्षा मोठ्या प्रकरणात.

तरी आधी गाडीचंच सांगते. तो घोर उतरल्याशिवाय पुढचं काही तुमच्या कानात शिरणार नाही.

मोटार वाहन कायद्याचं कलम १८५ म्हणतं की १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं की गुन्हा झाला. "थोडीशीच घेतली होती" किंवा "तो चालवताना एकदम शुद्धीत होता" या बोलण्याला तिथे जागा नाही, श्वास तपासणाऱ्या यंत्राच्या चिठ्ठीवर आकडा छापलेला असतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. गुन्हा जामीनपात्र आहे, त्यामुळे अटक झाली तरी जामीन ठाण्यावरच मिळू शकतो. अटकेपासून दोन तासांच्या आत वैद्यकीय तपासणी झाली पाहिजे, नाहीतर माणसाला सोडावं लागतं, हे कलम २०२ मध्येच लिहिलं आहे.

मात्र हा गुन्हा चौकात चलन भरून मिटत नाही. सिग्नल तोडल्यावर जसा जागेवर दंड भरता येतो, तशी सोय कायद्याने इथे ठेवलेलीच नाही. कोर्टात जावंच लागतं. म्हणून "साहेब, इथेच काय ते घ्या ना" असं म्हणणारा नातेवाईक मदत करत नसतो, तो लाच देऊ करण्याचा दुसरा गुन्हा पदरात पाडून घेत असतो. आणि नागपुरात प्रत्येकाची कुठे ना कुठे ओळख असतेच. रात्री एक वाजता आधी त्या भाऊंना फोन जातो, मग दुसऱ्या भाऊंना. त्या अर्ध्या तासात घरातला कोणी शुद्धीत असलेला, लायसन्सवाला माणूस तिथे पोहोचला असता तर त्याचा जास्त उपयोग झाला असता.

तो कसा, तेही सांगते. गाडी अडकवून ठेवण्याचा पोलिसांचा ठळक अधिकार कलम २०७ मध्ये आहे, आणि तो नोंदणी नसलेल्या, परमिट नसलेल्या, लायसन्सविना चालवलेल्या वगैरे गाड्यांसाठी आहे. दारूचा उल्लेख त्या कलमात नाही. दारूच्या प्रकरणात चालकाला अटक केली तर गरजेप्रमाणे गाडीची तात्पुरती व्यवस्था करावी, एवढंच कलम २०२ चं तिसरं पोटकलम म्हणतं. रस्त्याच्या मधोमध गाडी बेवारस सोडता येत नाही, म्हणून ती व्यवस्था. तेलंगण उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये याच मुद्द्यावर सविस्तर आदेश दिला. सोबत न प्यायलेला आणि लायसन्स असलेला माणूस असेल तर गाडी त्याच्याकडे द्यावी. तसं कोणी नसेल तर नातेवाइकाला बोलवावं. कोणीच आलं नाही तर पोलिसांनी गाडी सुरक्षित ठिकाणी न्यावी आणि नंतर कागद पाहून परत करावी. तो आदेश महाराष्ट्रात बंधनकारक नाही, पण आम्ही वकील तो दाखला म्हणून इथेही पुढे ठेवतो.

तेव्हा वर्धा रोडवर किंवा अमरावती रोडवर गाडी अडवल्याचा फोन आला तर आवाज न चढवता एवढंच विचारा की मी पोहोचतो आहे, लायसन्स आहे, मी प्यायलेलो नाही, गाडी माझ्याकडे देता का. नाही म्हणाले तर हुज्जत घालू नका, व्हिडिओ काढत अंगावर जाऊ नका. गाडी कुठे नेणार, कोणत्या तारखेला कोणत्या कोर्टात यायचं, हे लिहून घ्या. गाडीचे चारही बाजूंनी फोटो काढा, किलोमीटरच्या आकड्याचाही एक. आणि गाडीतल्या वस्तू काढून घ्या किंवा पंचनाम्यात लिहून घ्या.

या शेवटच्या वाक्याकडे लोक दुर्लक्ष करतात. एका बाईंची गाडी ऐन मे महिन्यात काही दिवस उघड्यावर उभी होती. त्यांना गाडीची काळजी नव्हतीच. डॅशबोर्डमध्ये सासूबाईंची इन्सुलिनची पेनं आणि डॉक्टरांची फाइल राहिली होती. गाडी मिळाली तेव्हा काचांवर धुळीचा जाड थर, बॅटरी उतरलेली. दार उघडल्यावर आतून भट्टीसारखी झळ आली. त्या उन्हात शिजलेली इन्सुलिन आता कामाची नाही, हे त्यांना कोणी सांगावं लागलं नाही. पेनं हातात घेऊन त्या नुसत्या बघत राहिल्या.

आता कोर्टाकडून गाडी कशी मिळते ते. एक वाट अशी की तारखेला चालक हजर होतो, गुन्हा कबूल करतो, दंड भरतो, आणि त्या पावतीवर किंवा आदेशावर गाडी सुटते. दुसरी वाट म्हणजे खटला चालू राहू द्यायचा आणि तोवर गाडी सुपूर्दनाम्यावर, म्हणजे बंधपत्र लिहून देऊन तात्पुरत्या ताब्यात, मागायची. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४५१ खाली चालायचं. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४९७ लागू आहे. वस्तू कोर्टापुढे आली की चौदा दिवसांत तिचं विवरण करायचं, फोटो किंवा व्हिडिओ घ्यायचे आणि त्यानंतर तीस दिवसांत तिच्याबद्दल आदेश द्यायचा, असा कालावधीच त्यात घालून दिला आहे. ठाण्याच्या आवारात गाड्या सडू देऊ नका, योग्य बंधपत्र घेऊन लवकर परत करा, हे सर्वोच्च न्यायालयाने सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणात २००२ मध्येच सांगून ठेवलं आहे. तेव्हा गाडी मागणं ही कोणाकडे भीक मागणं नाही, आणि त्यासाठी कोणा एजंटाला पैसे चारायचीही गरज नाही.

अर्ज आरसीवर ज्याचं नाव आहे त्याने करायचा. गाडी बायकोच्या किंवा वडिलांच्या नावावर आणि पकडला गेला नवरा किंवा मुलगा, अशी प्रकरणं खूप असतात. तेव्हा मालकालाच यावं लागतं, किंवा रीतसर अधिकारपत्र द्यावं लागतं. अर्जावर सरकारी पक्षाचा से, म्हणजे लेखी म्हणणं, येतं, कोर्ट आदेश करतं, मालक बंधपत्र लिहून देतो की गाडी विकणार नाही, तिच्यात फेरफार करणार नाही, बोलवाल तेव्हा हजर करीन. विमा किंवा पीयूसी संपलेला असेल तर आधी काढून घ्या. गाडीवर जुनी ई-चलनं थकली असतील तर तीही भरून टाका, खेटे वाचतात. अपघात झालेला असेल तर आरटीओच्या निरीक्षकाची तपासणी होते. गाडी कुठे हलवली ते मालकाला कळवावं आणि सोपस्कार झाल्यावर चोवीस तासांत ती परत द्यावी, असं कलम १३६ सांगतं.

इथे एक गोष्ट मी हात जोडून सांगते. गाडीच्या घाईत गुन्हा कबूल करू नका. कबूल करायचा की लढायचा, हे त्या चिठ्ठीवरचा आकडा, वैद्यकीय तपासणीचा कागद आणि पकडलेल्या माणसाची नोकरी बघून ठरवायचं असतं. गाडी लवकर सुटावी म्हणून "हो साहेब" म्हणून मोकळे होणारे मी खूप पाहिले. ती शिक्षा नोंदीत राहते, पुढच्या वेळी तोच माणूस 'दुसऱ्यांदा' या खान्यात जातो आणि सहा महिन्यांच्या जागी दोन वर्षांची भाषा सुरू होते. गाडी अडकली म्हणून कबुली देणं भाग नाही, दोन्ही गोष्टी वेगळ्या चालू शकतात. खरोखर चूक असेल आणि कबूल करायची असेल तर जरूर करा, पण समजून करा.

आता चावी.

इन्सुलिनवाल्या बाईंची गाडी त्यांच्याच नावावर होती, कर्जही त्यांच्याच पगारातून जात होतं. बंधपत्रावर सही त्यांची. गाडी ताब्यात मिळाली आणि किल्ल्यांचा जुडगा त्यांच्या हातात पडला, त्याच क्षणी नवऱ्याने तळहात पुढे केला. न बोलता, रोजच्यासारखा. आणि त्यांनीही रोजच्यासारखी चावी पुढे केली. मी मध्ये पडले. त्यांच्या नवऱ्याचं लायसन्स तेव्हा निलंबित होतं आणि दोघांपैकी कोणालाही त्याचा अर्थ ठाऊक नव्हता.

कलम १८५ चा गुन्हा झाल्याचं पोलिसांना वाटलं तर त्यांनी लायसन्स ताब्यात घेऊन आरटीओकडे पाठवायचं असतं. पहिल्या वेळी तीन महिने निलंबन, पुन्हा झालं तर लायसन्स रद्दच. ही तरतूद २०१९ पासून कायद्यात आहे. त्या तीन महिन्यांत तो गाडी चालवताना सापडला तर त्याच्यावर कलम १८२ लागतं. ज्याच्याकडे चालवायचा परवानाच नाही अशा माणसाला गाडी दिली म्हणून मालकावर कलम १८० लागतं, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. म्हणजे त्या बाई, ज्यांचा कशातच दोष नव्हता, जप्त गाड्यांच्या यार्डाच्या फाटकातच आरोपी व्हायच्या तयारीत होत्या. शेवटी त्यांच्या भावाला बोलावलं. तो येईपर्यंत आम्ही समोरच्या टपरीवर बसलो. नवरा तोंड फिरवून उभा होता. मला त्याचा राग आला नाही. चावी मागताना विचारावं लागतं, ही गोष्टच त्याच्या घरात कधी कोणी त्याला शिकवली नव्हती.

म्हणून गाडी घरी नेण्याआधी दुसरी चावी कुठे आहे ते बघा. कपाटात, देवघराच्या खणात, जिथे असेल तिथून काढा आणि ज्याच्या नावावर गाडी आहे त्याच्या ताब्यात ठेवा.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी आणायला त्यालाच पाठवू नका. शरीर अल्कोहोल १०० मिलिलिटर रक्तामागे साधारण तासाला १५ मिलिग्रॅम या वेगाने उतरवतं. रात्री एक वाजता आकडा १५० असेल तर ३० पर्यंत यायला आठ तास लागतात, म्हणजे सकाळचे नऊ. आंघोळ, लिंबूपाणी, कडक चहा, कशानेही हा वेग वाढत नाही, माणूस फक्त टवटवीत दिसतो. सकाळी सातला आणखी एका चौकात तोच माणूस पुन्हा सापडू शकतो.

आणि एक कलम नागपुरात फार थोड्यांना माहीत आहे, ते म्हणजे १८८. दारू पिऊन गाडी चालवण्याला जो प्रोत्साहन देतो त्यालाही तीच शिक्षा. लग्नाच्या मांडवाबाहेर, ढाब्याबाहेर "घर जवळच तर आहे, हळू जा" म्हणत आपण चावी हातात देतो, तेव्हा आपण काय करतो आहोत ते या कलमाच्या उजेडात एकदा बघा. मी हे कोणाला भीती घालायला लिहीत नाही. अशा वेळी घरातल्या बाईला नाही म्हणायला काहीतरी आधार लागतो. "मला पण आत टाकतील" हे वाक्य तिला बोलता यावं म्हणून लिहिते आहे. "तू पिऊन आला आहेस" या वाक्यावर भांडण होतं, कधी हातही उगारला जातो. कायद्याच्या नावाने नाही म्हणणं तिला थोडं सोपं जातं.

विम्याचंही थोडक्यात. पिऊन चालवलेल्या गाडीचं स्वतःचं नुकसान पॉलिसी भरून देत नाही. समोरच्याचं नुकसान झालं तर दारूचा बचाव घेण्याची मुभा कलम १५० ने कंपनीला दिली आहे. अशा प्रकरणात अनेकदा कोर्ट अपघातग्रस्ताला आधी कंपनीकडून पैसे देववतं आणि मग ते मालकाकडून वसूल करायची मोकळीक कंपनीला देतं. मालक म्हणजे आरसीवर नाव असलेला माणूस. तुम्ही.

२०२४ च्या फेब्रुवारीत नागपुरातल्या रामझुला पुलावर एका कारच्या धडकेत दुचाकीवरचे दोन तरुण गेले. त्या प्रकरणात कोण किती दोषी, ते कोर्ट ठरवेल. मला सांगायचंय ते दुसऱ्या एका, कुठेही न गाजलेल्या प्रकरणाबद्दल. माझ्याकडे एक गृहस्थ आले होते. त्यांच्या मुलाला पिऊन चालवणाऱ्याने उडवलं होतं. मुलगा मेडिकलला, म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, नेईपर्यंत राहिला नाही. त्याची दुचाकीही मुद्देमाल म्हणून जमा होती आणि ती त्यांना परत हवी होती. मी विचारलं, तिचा आता काय उपयोग, पुढचं चाक तर पूर्ण दुमडलंय. म्हणाले, "हप्ते अजून चालू आहेत मॅडम. आणि उन्हातान्हात पडून राहते, बरं नाही वाटत."

त्यांच्यासाठी मी जो अर्ज लिहिला तो तुमच्यासाठी लिहिते तोच. तेच कलम, तोच सुंदरभाईचा दाखला, तेच बंधपत्र, की गाडी विकणार नाही आणि बोलवाल तेव्हा हजर करीन. आरसी मुलाच्या नावावर होती, म्हणून मृत्यूचा दाखला आणि वारसांचं शपथपत्र जोडावं लागलं. फरक तेवढाच. ज्या बाकावर बसून त्यांनी सह्या केल्या, तिथेच सोमवारी तुम्ही बसता आणि मला गाडी आज मिळेल का विचारता. तुमच्या घरच्याला पोलिसांनी वेळेत अडवलं म्हणून तुमच्या अर्जाला मृत्यूचा दाखला जोडावा लागत नाही, आणि दुसऱ्या कोणाच्याही अर्जाला नाही. त्या नाकाबंदीतल्या शिपायावर राग काढता, तेव्हा मला हे आठवतं.

पिणं हाताबाहेर गेलं असेल तर तेही याच आठवड्यात बोला, कारण आता तो ऐकण्याच्या मनःस्थितीत असतो, महिन्याभराने नसेल. मेडिकलच्या मानसोपचार विभागात किंवा प्रादेशिक मनोरुग्णालयात घेऊन जा. व्यसनमुक्तीसाठी सरकारची १४४४६ ही निःशुल्क हेल्पलाइन आहे. लायसन्स निलंबित असलेले तीन महिने कोणी ना कोणी त्याला सोडायला-आणायला जाणारच आहे, त्याच फेऱ्यांमध्ये ही एक फेरी बसवा.

राहिली वकिलाच्या फीची गोष्ट. जिल्हा न्यायालयाच्या आवारातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ प्रमाणे स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. तेव्हा गाडी तुमच्या नावावर असेल आणि पकडला गेलेला नवरा, मुलगा किंवा ठेवलेला ड्रायव्हर असेल, तर सुपूर्दनाम्याचा अर्ज तुम्ही तिथूनही करून घेऊ शकता. आरसीची मूळ प्रत, तुमचं ओळखपत्र, चालू विमा, पीयूसी आणि पोलिसांनी दिलेला कागद घेऊन सकाळी कोर्ट बसायच्या आधी या. ज्याच्याकडे चावी द्यायची ठरली आहे, त्यालाही त्याच्या लायसन्ससकट सोबत आणा.

आपली,
एक फौजदारी वकील,
जिल्हा न्यायालय, नागपूर